'सिव्हिल' म्हणजे नुसतं सविनय?

वर्ध्यात आपण सिव्हिल लाईन्स, सिव्हिल हॉस्पिटल सहज म्हणतो. 'सिव्हिल'चं मूळ लॅटिन 'सिविस', म्हणजे नागरिक. सभ्य, हा अर्थ त्यातूनच पुढे निघाला. मराठीनं या शब्दाला जागा पाहून प्रतिशब्द दिले. कोर्टात दिवाणी, लष्कराहून वेगळं ते मुलकी, हक्कांच्या बाबतीत नागरी. कायदेभंगाला मात्र 'सविनय' जोडलं. आमचा आक्षेप इथंच आहे.

थोरोचा निबंध १८४९ साली छापला गेला, तेव्हा शीर्षकात 'सिव्हिल' हे सरकारचं विशेषण होतं. त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, ते कायदेभंगाला लागलं. गांधीजींना विनय हवाच होता, हे आम्हाला मान्य आहे. पण १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबा युद्धाविरुद्ध बोलले, तेव्हा प्रश्न नम्रतेचा नव्हता, बोलण्याच्या हक्काचा होता. बोलणारा नागरिक होता.

'सविनय' म्हटलं की कसं वागावं ते कळतं. कोणत्या नात्यानं वागावं ते कळत नाही. मग विरोध करणाऱ्याला आधी सभ्यतेचे धडे दिले जातात आणि त्याचा प्रश्न बाजूलाच राहतो. विनय असावाच. पण 'सिव्हिल'चा अर्थ सांगताना आपण नागरिकापासून सुरुवात करू या.