‘सवलत’ कोणास मिळते? : बांगलादेशी निर्यातदारांवरील एका निबंधाची चिकित्सा

अर्थशास्त्रीय लेखनात काही वाक्ये इतकी रुळलेली असतात की, त्यांच्या व्याकरणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘विकसित देशांनी विकसनशील देशांस व्यापारी सवलत दिली’ हे त्यांपैकीच एक होय. या वाक्यात देणाराही देश आणि घेणाराही देश. प्रत्यक्षात माल पाठविते ती एखादी कंपनी, आणि जकात भरतो तो पलीकडच्या बंदरावरील आयातदार. वाक्यात चतुर्थी ज्या शब्दाला लागली आहे, तो व्यवहारातील दानाचा खरा धनी नव्हे. ही विसंगती केवळ शब्दांची आहे असे मानून चालणार नाही. तिच्यामुळे विचारातही घोटाळा होतो. स्वेत्लाना डेमिडोवा, हियाऊ लुई की व कला कृष्णा या तीन विदुषींनी २०१२ साली ‘जर्नल ऑफ इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. व्यापारधोरणांतील भेदांमुळे निर्यातदार कंपन्यांची आपोआप वर्गवारी होते काय, हा त्यांचा प्रश्न. आणि उदाहरण आहे ते बांगलादेशातील तयार कपड्यांच्या धंद्याचे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. विकसनशील देशांच्या मालास कमी जकातीने प्रवेश मिळावा, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने १९६८ साली नवी दिल्ली येथील अधिवेशनात मान्य केले. युरोपीय समुदायाने १९७१ पासून ते अमलात आणले. पुढे मार्च २००१ मध्ये युरोपीय संघाने अल्पतम विकसित देशांच्या शस्त्रास्त्रांखेरीज सर्व मालावरील जकात उठविण्याची योजना सुरू केली. एरव्ही कपड्यांवर बहुधा सुमारे १२ टक्के जकात पडे, ती बांगलादेशी मालाला माफ होती. परंतु एका अटीवर : माल बांगलादेशात ‘उत्पन्न’ झालेला असला पाहिजे. २०१० अखेरपर्यंत या ‘उत्पन्न’ शब्दाचा अर्थ असा होता की, सुतापासून कापड करणे आणि कापडापासून कपडा शिवणे, हे दोन्ही टप्पे तेथेच पार पडले पाहिजेत. काही प्रादेशिक मुभा होती; पण मूळ नियम हा.

येथे मराठी वाचकाची एक अडचण आधीच दूर केली पाहिजे. आपल्या भाषेत स्वेटरही विणतात आणि धोतरही विणतात. एकच क्रियापद दोन निरनिराळ्या कृतींना पुरते. जकातीच्या कायद्याला मात्र या दोन कृती वेगळ्या आहेत. सुयांवर फासे गुंफून होणारे, ज्याला बाजारात होजिअरीचे म्हणतात ते कापड एक, आणि उभ्या-आडव्या धाग्यांचे मागावरचे कापड दुसरे. गंजीफ्रॉक व टी-शर्ट पहिल्यातले. सदरा व पाटलोण दुसऱ्यातली. बांगलादेशात होजिअरीच्या कापडाची निपज नारायणगंज व आसपासच्या भागांत भरपूर होत होती. मागावरचे कापड मात्र मोठ्या प्रमाणावर चीन, भारत आदी देशांतून येई. साहजिकच टी-शर्ट शिवणाऱ्याला युरोपीय माफी सहज साध्य होती, तर आयात कापडाची पाटलोण शिवणाऱ्याला ती दुर्घट होती. देश एक, योजनाही एकच. परंतु सवलतीचा अर्थ कापडागणिक बदलत होता.

प्रस्तुत निबंधाचे बळ येथेच आहे. लेखिकांनी ‘देश’ हे एकक सोडून ‘कंपनी’ हे एकक घेतले. होजिअरीचे कपडे व मागावरचे कपडे, युरोपचा बाजार व अमेरिकेचा बाजार, अशा दुहेरी तुलनेतून त्यांनी धोरणाचा परिणाम हुडकला. अमेरिकेत बांगलादेशी कपड्यांना जकातमाफी नव्हती आणि २००४ अखेरपर्यंत अनेक प्रकारांवर कोटा होता. कंपन्यांची कार्यक्षमता सारखी नसते, आणि प्रत्येक बाजारातील मागणीही कंपनीगणिक भिन्न असते. म्हणून जेथे प्रवेश सुलभ तेथे दुबळ्या कंपन्याही टिकतात, आणि जेथे तो अवघड तेथे सबळ तेवढ्याच पोचतात, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. सवलतीमुळे निर्यात किती वाढली, एवढेच विचारून चालणार नाही. ती कोणाची वाढली, हेही विचारले पाहिजे, ही दृष्टी या निबंधाने दिली. त्याचे हे श्रेय निःसंशय आहे.

तथापि ‘कोणाची’ हा प्रश्न एकदा उपस्थित केल्यावर तो अर्ध्यावर सोडता येत नाही. लेखिकांच्या मांडणीत जकातमाफीचा लाभ कारखानदाराच्या हिशेबात उतरतो, असे गृहीत धरलेले दिसते. पण वाचलेली जकात प्रथम राहते ती आयातदाराच्या खिशात; तीतून कारखानदाराला किती मिळावे, हे भावाच्या घासाघिशीत ठरते. आफ्रिकी देशांच्या कपड्यांना अमेरिकेने दिलेल्या माफीविषयी मार्सेलो ओलार्रेआगा व चाग्लार ओझ्देन यांनी २००५ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वाचलेल्या जकातीपैकी सरासरीने केवळ एक-तृतीयांशाच्या आसपास भाग निर्यातदारांच्या पदरी पडल्याचे आढळले. बांगलादेशातही प्रमाण तेच असेल असे नव्हे. पण हा वाटा वगळून कंपनीची कार्यक्षमता मोजू लागल्यास जे खरोखर खरेदीदाराचे वर्चस्व आहे, ते कारखान्याचे दौर्बल्य म्हणून नोंदले जाण्याचा धोका संभवतो. दुसरे असे की, निबंधातील सामग्री कोटापद्धती चालू असतानाची आहे. तेव्हाची वर्गवारी स्थायी मानण्याचे कारण नाही.

शब्द मोघम राहिला म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण २०१३ चे आहे. त्या वर्षी २४ एप्रिल रोजी साभार येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांत बहुसंख्य कपडे शिवणारे कामगार होते. जूनमध्ये अमेरिकेने बांगलादेशाची व्यापारी सवलत स्थगित केली. ऐकणाऱ्यास वाटावे की, कपड्यांच्या कारखानदारांस शासन झाले. वस्तुतः त्या सवलतीत कपड्यांचा समावेश जवळजवळ नव्हताच. झळ बसली ती योजनेतील इतर मालाच्या निर्यातदारांना. ज्यांनी सवलत घेतली नव्हती त्यांच्या नावाने ती काढून घेतली गेली. ‘देश’ हा शब्द मध्ये नसता, तर हा विपर्यास इतका सहज खपला नसता.

१ जानेवारी २०११ पासून युरोपीय संघाने अल्पतम विकसित देशांपुरता नियम सैल केला. शिवणकामाचा एकच टप्पा पुरेसा ठरला. मागावरच्या कपड्यांची युरोपला होणारी निर्यात त्यानंतर झपाट्याने वाढली. जकातीचा दर तोच, म्हणजे शून्य; बदलली ती केवळ ‘उत्पन्न’ या शब्दाची व्याख्या. मात्र देशी कापडाला गिऱ्हाईक राहील या भरवशावर ज्याने माग बसविले, त्याच्या दृष्टीने ही सवलत नव्हे. त्याचे संरक्षण गेले.

बांगलादेशाने अल्पतम विकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ साली २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख मुक्रर केली. यादीतून बाहेर पडल्यावर युरोपीय माफी आणखी तीन वर्षे चालू ठेवण्याची तरतूद आहे. त्यानंतर कमी जकातीची एखादी योजना लाभली, तरी इतर विकसनशील देशांना लागू असलेला दोन टप्प्यांचा नियम पुढे उभा राहीलच. तेव्हा ‘देशाचे नुकसान किती’ असा हिशेब मांडला जाईल आणि त्यातून एक सरासरी आकडा निघेल. त्या आकड्यात नारायणगंजचा होजिअरीवाला आणि परदेशी कापडावर विसंबलेला पाटलोणवाला एकाच रकान्यात बसतील. त्या दोघांच्या यंत्रांवर बसणारे कामगार तर कोणत्याच रकान्यात दिसणार नाहीत. डेमिडोवा व त्यांच्या सहलेखिकांनी पहिला रकाना फोडून दाखविला. उरलेले काम पुढील अभ्यासकांचे आहे. आपल्या विभागातील ज्या विद्यार्थ्यांना अशा विषयावर प्रबंध लिहावयाचा असेल, त्यांनी आकडे जुळविण्यापूर्वी आपल्या वाक्यातील प्रत्येक ‘देशास’ या पदापाशी थांबावे आणि तेथे नेमके कोणाचे नाव यावयास हवे, हे आधी ठरवावे.