'पेज सिक्स' : मोकळ्या पानाचे नियतकालिक

नियतकालिकाचे नाव त्याच्या स्वभावाला किती चपखल बसावे, याचे एक उदाहरण मला अगदीच अनपेक्षित ठिकाणी भेटले. इंग्लंडात १९८२ च्या डिसेंबरात 'पेज सिक्स' हे नियतकालिक सुरू झाले. अटारी कंपनीचा घरगुती संगणक ज्यांच्या घरी होता, अशा हौशी मंडळींसाठी ते होते. संपादक लेस एलिंगहॅम. कंपनीचा त्यावर हक्क नव्हता. मी भाषेचा मास्तर. यंत्रातले मला ओ की ठो कळत नाही. भाच्याने जुने अंक पडद्यावर उघडून दिले आणि मी नियतकालिक म्हणूनच ते वाचत गेलो.

प्रथम नावाविषयी. १९७९ साली बाजारात आलेल्या या यंत्राची स्मृती २५६ घरांच्या 'पानां'त मोजतात. आरंभीची पाने यंत्राने आपल्या कारभारासाठी अडवलेली. सहावे पान, म्हणजे १५३६ ते १७९१ क्रमांकांची घरे, वापरणाऱ्याला मोकळी सोडलेली. एवढ्याशा मोकळ्या जागेचे नाव संपादकाने घेतले, आणि अंकाची पानेही वाचकांसाठी तशीच मोकळी ठेवली. हे वापरकर्त्यांचे नियतकालिक असून वाचकांच्या लेखनावरच चालते, असे ते उघडपणे छापत असे.

माझ्या दृष्टीने त्यातला सर्वांत अपूर्व भाग म्हणजे पानेच्या पाने छापलेल्या आज्ञावली. वाचकाने त्या ओळीमागून ओळ स्वतः टाइप करायच्या, तेव्हा कुठे खेळ किंवा उपयुक्त साधन हाती यायचे. एक स्वल्पविराम चुकला की सारे मुसळ केरात! म्हणून प्रत्येक ओळीच्या आधी दोन अक्षरांची खूण छापलेली असे. तपासनीस आज्ञावलीने आपल्या ओळीची तीच खूण दाखवली तर ओळ बरोबर. मुद्रितशोधनाचे काम वाचकावर सोपवणारे आणि त्यासाठी त्याला साधनही देणारे असे संपादन मी दुसरीकडे पाहिलेले नाही. तीस वर्षे शुद्धलेखनाच्या वह्या तपासून जे साधले नाही, ते इथे खेळाच्या लोभाने साधत असेल, असा मत्सरही मला वाटून गेला.

संपादकीय स्तंभ साधा, घरगुती बोलीतला. अंक तयार होत असताना कोणते संगीत ऐकले तेही हा गृहस्थ सांगतो! असल्या तपशिलाने अंकाला माणसाचा वास येतो. उलट, यंत्र नसलेल्या वाचकाला निम्मा अंक बंद दरवाजासारखा आहे, आणि तो उघडण्याचा खटाटोपही फारसा केलेला दिसत नाही. ही मर्यादा मानलीच पाहिजे.

माझा खरा आक्षेप निराळा आहे. 'अटारी युजर' हे मोठ्या प्रकाशकाचे मासिक १९८८ मध्ये बंद पडल्यावर 'पेज सिक्स'ने ते नाव आपल्याकडे घेतले आणि पुढे 'न्यू अटारी युजर' म्हणून ते निघू लागले. व्यवहार म्हणून ठीक. बंद पडलेल्या मासिकाचे वाचक कोणाला नको असतात? पण ते मोकळे पान शीर्षकातून गेले. नवे नाव कोणत्याही दुकानाच्या पाटीवर शोभले असते.

नाव गेले तरी वृत्ती राहिली. १९९२ च्या आरंभी कंपनीने या यंत्रांचा पाठिंबाच काढून घेतला. ज्याने यंत्र घडवले त्यानेच ते मोडीत काढले. नियतकालिक मात्र वर्गणीदारांच्या भरवशावर पुढेही निघत राहिले. दुकानांतून ते दिसेनासे झाले होते, ते थेट टपालाने घरी येई. शेवटचा, ८५ वा अंक १९९८ च्या शरदात निघाला. कंपनीने हात झटकल्यानंतरची ही सहा वर्षे मला आधीच्या भरभराटीच्या काळापेक्षा मोलाची वाटतात, आणि भाच्याकडे मी पुन्हा मागितले ते त्याच वर्षांतले अंक.