‘स्मृतिचित्रे’: शोक आणि न्याय

अंतिम न्यायाविषयी आपण दोनच रीतींनी बोलतो: एक तर धाक घालतो, नाही तर दुखवट्याच्या घरी तो विषयच टाळतो. आम्हां कोल्हारकरांच्या शेजारच्या राहुरीत काही वर्षे संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचा ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे.

टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे. तथापि हा ग्रंथ आपणा सर्वांचाच आहे. १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यास जिवंतपणी गमावल्याचे दुःख लक्ष्मीबाईंनी भोगले आणि ते लपविले नाही. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. परंतु मागे राहिलेल्या आप्तांना त्या दोषी ठरवीत नाहीत. आपल्यासाठी कोणी रडले, याचे मोल त्यांना कळले होते.

न्यायावर त्या प्रवचन करीत नाहीत. अनाथ लेकरांना घरात घेतल्याच्या हकिकती मात्र सांगतात. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाची कसोटी हीच नव्हे काय? भुकेल्यास अन्न, परक्यास आसरा!

एक उणीव नोंदविली पाहिजे. विनोदाचा ओघ इतका वेगवान आहे की, काही ठिकाणी वाचक दुःखापाशी थांबतच नाही.

प्रभू येशूने यरुशलेमचा विनाश सांगितला, तो त्या नगरीकडे पाहून रडत (लूक १९:४१). ज्याच्या डोळ्यांत पाणी नाही, त्याने न्यायाची वार्ता सांगू नये. हा ग्रंथ आम्हांस हेच शिकवितो.