गॅनची नियती आणि ज्येष्ठता यादी

अर्नेस्ट गॅन या अमेरिकन वैमानिकाचे 'फेट इज द हंटर' हे आत्मकथन १९६१ साली प्रसिद्ध झाले. नियती पारध्याप्रमाणे मागावर असते आणि कसबी वैमानिकही तिचे सावज ठरू शकतो, हे त्याचे सूत्र. आपल्या भाषेत दैव, प्राक्तन, नियती, योगायोग असे निरनिराळे शब्द आहेत. गॅन या साऱ्यांना बहुधा एकाच मापाने मोजतो. माझ्या मते ग्रंथाची शक्ती आणि उणीव दोन्ही तेथेच आहेत.

प्रारंभीचाच प्रसंग घ्यावा. रात्रीचे उड्डाण, नेमून दिलेली उंची पाच हजार फूट. काटा पन्नासएक फूट अधिक दाखवतो, म्हणून केवळ शिस्तीखातर गॅन विमान तेवढे खाली आणतो, आणि काही क्षणांतच दुसरे विमान डोक्यावरून निघून जाते. हा योगायोग, हे मान्य. परंतु दुसऱ्या महायुद्धातील आग्र्याचा प्रसंग निराळा आहे. सी-८७ जातीचे विमान धावपट्टी सोडते, पण उंची घेईना, आणि समोर ताजमहाल! तो कसाबसा टळतो. (आम्हा ग्वाल्हेरकरांना हे वाचताना अंमळ अधिकच धडकी भरते.) कारण काय, तर वैमानिकाच्या समजुतीपेक्षा पुष्कळ अधिक इंधन भरले गेले होते. याचे खापर नियतीच्या माथी फोडणे म्हणजे भांडारातील तूट प्रारब्धाच्या खाती मांडणे होय.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे दगावली. कझाक विमान नेमून दिलेल्या पंधरा हजार फुटांच्या खाली उतरले होते. त्यानंतर भारतात टक्करीचा पूर्वइशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. गॅनच्या काळी जे दैव होते, त्याचा एक तुकडा असा नियमपुस्तकात जमा झाला.

मला सर्वाधिक मोलाचे वाटले ते ज्येष्ठता क्रमांकाविषयीचे विवेचन. उभी हयात शासकीय सेवेत गेलेल्यास हा विषय परका नाही. कोणता मार्ग, कोणते विमान, कप्तानपद केव्हा, हे सारे रुजू झाल्याच्या तारखेवर ठरते. वरचा कोणी गेला की खालचे सरकतात. मात्र 'गेला' हा शब्द या व्यवसायात कधी कधी शब्दशः घ्यावा लागतो. आमच्या खात्यात बढतीचे पेढे निःशंकपणे वाटता येत. आणि हा क्रमांक तरी कितीसा भरवशाचा? एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा वर्षानुवर्षांची ज्येष्ठता कागदावरच राहिली. नव्या कंपनीत ती सहसा पहिल्यापासून मोजली जाते. हा अपघात आकाशात घडत नाही, म्हणून त्याची चौकशीही होत नाही.

नियतीचा एवढा गजर करणाऱ्या या ग्रंथातील अविस्मरणीय व्यक्ती मात्र रॉस हा कप्तान आहे. केवळ यंत्रांवर विसंबून विमान उतरवण्याचा सराव चालू असता तो शिकाऊ गॅनच्या डोळ्यांपुढे पेटत्या काड्या धरतो. तेथे दैवाला जागाच नाही, आणि लेखणीही तेथेच सर्वांत मोकळी चालते.

१९६४ सालचा चित्रपट पाहून कोणी ग्रंथाविषयी मत बनवू नये. तो गॅनलाच इतका नापसंत होता की, त्याने त्यातून आपले नाव काढून टाकावयास लावले.