शुल्क की कर्ज? : अमेरिकन चेकिंग खात्यावरील 'ओव्हरड्राफ्ट' आकारणीची चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'अधिकर्ष' ही संज्ञा कर्जाचा एक प्रकार म्हणून शिकविली जाते. बँक चालू खातेदाराशी आगाऊ करार करते, मर्यादा ठरवून देते आणि जेवढी रक्कम जेवढे दिवस वापरली जाईल तेवढ्यावरच व्याज आकारते. रक्कम, मुदत आणि दर या तिन्ही गोष्टी येथे स्पष्ट असतात. हाच विद्यार्थी पुढे उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जातो, दैनंदिन व्यवहारासाठी चेकिंग खाते उघडतो, तेव्हा 'ओव्हरड्राफ्ट' हा शब्द त्याला निराळ्याच अर्थाने भेटतो. खात्यात पुरेशी शिल्लक नसताना बँक त्याचे देणे भागविते आणि त्याबद्दल एक ठरावीक रक्कम कापून घेते. ही रक्कम दीर्घकाळ ३५ डॉलरच्या आसपास होती. तूट पाच डॉलरची असो वा दोनशेची, ती एका दिवसात भरून निघो वा आठवड्याने, आकारणी तीच. प्रस्तुत लेखात या आकारणीचे नाव, तिची रीत आणि तिला घेतली जाणारी संमती या तीन अंगांची चिकित्सा केली आहे.

१. नावाचा प्रश्न

अमेरिकेत १९६८ च्या 'ट्रुथ इन लेंडिंग' कायद्याने कर्जाचा खर्च वार्षिक दराच्या रूपात ग्राहकाला सांगणे बंधनकारक केले. १९६९ मध्ये या कायद्याखाली नियम करताना फेडरल रिझर्व्हने मात्र एक अपवाद ठेवला. त्या काळी शाखेतील अधिकारी परिचित खातेदाराचा एखादा धनादेश सौजन्य म्हणून, स्वतःच्या निर्णयाने, शिल्लक अपुरी असतानाही वटवीत असे. अशा तुरळक प्रसंगी कर्जाची कागदपत्रे करण्याची सक्ती नको, हा त्यामागील विचार समजण्यासारखा होता. पुढे हा निर्णय संगणकाकडे गेला, डेबिट कार्ड आले आणि जे सौजन्य होते त्याचे नित्याच्या उत्पन्नात रूपांतर झाले. अपवाद मात्र तसाच राहिला. परिणामी ज्या व्यवहारात बँक पैसे उसने देते आणि मोबदल्यासह परत घेते, तो व्यवहार कायद्याच्या दृष्टीने कर्ज ठरत नाही. त्याच्या मोबदल्याला व्याज न म्हणता शुल्क म्हटले जाते.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार डेबिट कार्डावरील बहुतांश ओव्हरड्राफ्ट शुल्क २४ डॉलर किंवा त्याहून लहान खरेदीवर लागले होते आणि बहुतेक तूट तीन दिवसांच्या आत भरून निघाली होती. २४ डॉलर तीन दिवसांसाठी घेऊन त्यावर ३४ डॉलर दिले, तर वार्षिक दर सुमारे १७,००० टक्के होतो. 'शुल्क' या शब्दाआड हा आकडा दडून राहतो. 'व्याज' म्हटले असते तर तो ग्राहकापुढे मांडावाच लागला असता.

२. क्रमाचा प्रश्न

आकारणी नगावर असल्यामुळे व्यवहारांची नोंद कोणत्या क्रमाने होते, याला विलक्षण महत्त्व येते. एक साधे उदाहरण घेऊ. खात्यात १०० डॉलर आहेत आणि एकाच दिवशी १०, १५, २०, ३० व ९० डॉलरची पाच देणी आली. लहान देणी आधी नावे टाकली, तर पहिली चार ७५ डॉलरमध्ये भागतात आणि केवळ शेवटच्या देण्यास शुल्क लागते. मोठे देणे आधी घेतले, तर १० डॉलर उरतात आणि नंतरच्या चारही देण्यांना स्वतंत्र शुल्क लागते. तूट दोन्ही वेळा ६५ डॉलरचीच. परंतु ३५ डॉलरच्या दराने एका रीतीत ३५ आणि दुसरीत १४० डॉलर जातात. बँकेने उसने दिलेल्या रकमेत एका डॉलरचीही वाढ झालेली नसते.

मोठ्यापासून लहानाकडे जाणाऱ्या या क्रमाचा प्रश्न कॅलिफोर्नियातील खातेदारांनी वेल्स फार्गो बँकेविरुद्ध न्यायालयात नेला. २०१० मध्ये न्यायाधीश विल्यम ऑलसप यांनी सुमारे २० कोटी ३० लाख डॉलर परत करण्याचा आदेश दिला आणि पुढील अपिलांनंतरही ही रक्कम कायम राहिली. हिशेबाचा क्रम ही तांत्रिक बाब आहे, असे मानणाऱ्या वाणिज्याच्या अध्यापकाने हा खटला वर्गात जरूर मांडावा.

३. संमतीचा प्रश्न

पूर्वी खातेदाराला न विचारताच या योजनेत घेतले जात असे. फेडरल रिझर्व्हने २००९ मध्ये केलेला आणि २०१० मध्ये अमलात आलेला नियम येथे महत्त्वाचा आहे. त्यानुसार एटीएम आणि डेबिट कार्डावरील एकवेळच्या खरेदीसाठी खातेदाराची स्पष्ट संमती असल्याशिवाय शुल्क आकारता येत नाही. संमती नसेल तर कार्ड नाकारले जाते आणि त्याबद्दल शुल्क पडत नाही. ही सुधारणा स्वागतार्ह असली, तरी अपुरी आहे. धनादेश आणि दरमहा आपोआप होणाऱ्या वजावटी तिच्या कक्षेबाहेर आहेत. शिवाय या योजनेला 'संरक्षण' असे आश्वासक नाव दिले की संमती मिळविणे सोपे जाते. २०२० मध्ये टीडी बँकेवर योग्य संमतीविना शुल्क आकारल्याचा ठपका ठेवून, ग्राहकांना सुमारे ९.७ कोटी डॉलर परत देण्याचा आणि २.५ कोटी डॉलर दंडाचा आदेश झाला.

४. समर्थनाचा विचार

या आकारणीचे समर्थक म्हणतात की, घरभाड्याचा धनादेश परत जाण्यापेक्षा ३५ डॉलर देणे परवडते. आणि ही सोय बंद झाली तर गरजू माणूस अधिक महागड्या सावकाराकडे वळेल. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. परंतु त्यावरून सोय असावी एवढेच सिद्ध होते, तिची किंमत मुदत व रक्कम न पाहता ठरवावी असे सिद्ध होत नाही. दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर पूर्वोक्त अभ्यासातच आहे. वर्षाकाठी दहाहून अधिक वेळा तूट येणारी खाती केवळ आठ टक्क्यांच्या आसपास होती, पण एकूण शुल्कापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग त्यांनीच भरला होता. म्हणजे हा क्वचित प्रसंगाचा आधार नसून नित्याच्या टंचाईवरील वसुली आहे, आणि इतरांच्या 'मोफत' खात्याचा खर्च काही अंशी त्याच मूठभर खातेदारांच्या खिशातून निघतो.

५. खातेदारापुढील मार्ग

खातेदार अगदीच असहाय नाही. कार्डासाठी दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. शिल्लक ठरावीक रकमेखाली गेल्यास सूचना मिळण्याची व्यवस्था करता येते. बचत खाते जोडून ठेवल्यास तूट स्वतःच्याच पैशातून भरून निघते. प्रथमच शुल्क लागले असल्यास ते परत करण्याची विनंती अनेकदा मान्य होते. मात्र विनंती करावी लागते. ओव्हरड्राफ्ट शुल्क नसलेली खातीही आज उपलब्ध आहेत. कॅपिटल वन आणि सिटी बँक यांनी २०२२ मध्ये हे शुल्क बंद केले, तर बँक ऑफ अमेरिकाने ते त्याच वर्षी ३५ वरून १० डॉलरवर आणले. तूट आणि अपुरी शिल्लक यांवरील शुल्कातून बँकांना २०१९ मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलर मिळाले होते. २०२३ मध्ये हा आकडा ५.८ अब्जांवर आला.

तथापि जे स्वेच्छेने सोडले ते स्वेच्छेने पुन्हा लावताही येते. डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या बँकांपुढे शुल्क ५ डॉलरवर ठेवणे, खर्चाइतकेच घेणे किंवा ते कर्ज म्हणून जाहीर करणे असे पर्याय ठेवणारा नियम करण्यात आला. मे २०२५ मध्ये काँग्रेसच्या ठरावाने तो अमलात येण्यापूर्वीच रद्द झाला. १९६९ चा अपवाद त्यामुळे आजही शाबूत आहे.

६. आपल्याकडील संदर्भ

भारतीय रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१५ पासून दोन दंडक लागू केले. किमान शिल्लक न ठेवल्याबद्दलचा दंड तुटीच्या प्रमाणात असावा आणि केवळ त्या दंडामुळे बचत खात्यातील शिल्लक शून्याखाली जाऊ नये. आकारणी तुटीशी बांधली जावी, हे तत्त्व अमेरिकन नियमनात ज्याची उणीव भासते नेमके तेच आहे. पण म्हणून आपण समाधान मानावे असे नाही. कर्जाच्या हप्त्याची वजावट खात्यात पैसे नसल्याने परत गेली, तर आपल्याकडेही तुटीची रक्कम न पाहता ठरावीक शुल्क लागते, आणि ते बहुधा ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाच लागते.

समारोप

ओव्हरड्राफ्ट शुल्काचा दोष ते जास्त आहे एवढाच नाही. कर्जाचा व्यवहार कर्जाच्या नावाने न करता केला जातो, हा त्याचा मूळ दोष आहे. नाव बदलले की मोजमाप बदलते, मोजमाप बदलले की तुलना अशक्य होते, आणि तुलना करता न येणाऱ्या ग्राहकाची संमती ही नावापुरतीच संमती उरते. अधिकर्षाची व्याख्या शिकविताना रक्कम, मुदत आणि दर हे तीन प्रश्न प्रत्येक 'शुल्का'ला विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावली, तर ती त्यांना परदेशातील चेकिंग खात्यावर आणि गावाकडील बचत खात्यावरही उपयोगी पडेल.