घारापुरीचा दगडी हत्ती आणि इंग्रजी स्थलवर्णने

उरणच्या मोरा बंदरातून उत्तरेस पाहिले असता घारापुरीचे जोडडोंगर दिसतात. या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिले, ते दक्षिणेकडील उताराजवळ उभ्या असलेल्या दगडी हत्तीवरून. इंग्रज लेखकांनी तेच रूढ केले. फ्रायर या सतराव्या शतकातील प्रवाशाने हत्तीच्या पाठीवर पिल्लू असल्याचे नोंदविले आहे. बर्जेसच्या १८७१ मधील ग्रंथात त्याची लांबी १३ फूट २ इंच दिली असून, १८१४ मध्ये मान व मस्तक गळून पडल्याचेही सांगितले आहे. पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यात असताना, १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे गॅझेटिअरच्या चौदाव्या खंडात हे बेट स्थलवर्णनाचा विषय झाले.

या लेखनाचा गुण निरीक्षणाच्या काटेकोरपणात आहे; दोष दृष्टिकोनात आहे. मुंबईहून नावेने येणाऱ्याला प्रथम जे नवल दिसले, तेच स्थळाचे नाव ठरले. बेटावरील वस्त्यांची नावे मात्र शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी आहेत. ती नवलाची नव्हेत, नाव लावण्याच्या जागांची आहेत. प्रवाशाने बेट पाहिले, रहिवाशाने ते वापरले. हा भेद नामकरणातच उमटला आहे.

पुढे १८६४ मध्ये हत्तीचे अवशेष मुंबईस नेण्यात आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते जोडण्यात आले आणि ती मूर्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. ज्या वस्तूवरून बेटाला नाव मिळाले ती वस्तू तेथे नाही, नाव मात्र जगभर चालते. नवलाईवर उभारलेल्या नावाची मर्यादा याहून स्पष्टपणे कशी दाखविता येईल?

तथापि एवढ्यावरून ही वर्णने त्याज्य ठरत नाहीत. हत्ती मूळ जागी व अभंग असतानाचा पुरावा आज मुख्यतः अशा प्रवासवृत्तांतांतूनच मिळतो. पाठीवरचे पिल्लू आणि गळालेली मान यांच्या नोंदी नसत्या, तर जोडलेल्या मूर्तीची पारख कशाशी करावयाची? परकीय म्हणून नाकारणे आणि जुने म्हणून प्रमाण मानणे, या दोन्ही वाटा संशोधकाला सारख्याच सोप्या व सारख्याच निरुपयोगी आहेत. मोजमाप त्यांच्याकडून घ्यावे. स्थळाचा अर्थ मात्र बंदरांच्या नावांतून, तेथे नांदणाऱ्यांच्या व्यवहारातून शोधावा. मराठी स्थलेतिहासाचे काम तेथून सुरू होते.