उत्पत्तीचे पान आणि उत्क्रांतीचा धडा

गोंदियालगतच्या मुर्री येथे कुटुंबभेटीस गेलो असता दहावीतील एका मुलाने आम्हांस एक प्रश्न विचारला. राज्य मंडळाच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा शिकत होता. धर्मशिक्षणाच्या वर्गात आदाम व एवा यांची कथा शिकला होता. “फादर, परीक्षेत एक लिहायचे आणि देवळात दुसरे म्हणायचे, असे किती दिवस?” आजीने त्याला गप्प राहण्याची खूण केली. आम्ही आमचे ठरीव उत्तर दिले : देवाचा एक दिवस म्हणजे आपली कोट्यवधी वर्षे. मुलगा क्षणभर थांबून म्हणाला, “मग झाडे तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी कसा?” आम्ही निरुत्तर झालो.

परतल्यावर आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा उघडले. उत्पत्तीची कथा मराठीत विस्ताराने सांगणारा हा आपला आद्य ग्रंथ. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचा हा ग्रंथ १६१६ साली छापला गेला. दोन पुराणे, पंचाण्णव अवस्वरू, सुमारे अकरा हजार ओव्या, असा त्याचा विस्तार. त्यातील मराठी भाषेच्या स्तुतीचे कौतुक समीक्षकांनी भरपूर केले आहे. सृष्टिनिर्मितीच्या अवस्वरूंकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. आपल्या मनातील निर्मितीचे चित्र घडविण्यात अशा कथनाचाच मोठा वाटा आहे, म्हणून त्याची चिकित्सा व्हावयास हवी.

फादर स्टीफन्स यांचे मोठेपण प्रथम सांगू. त्यांनी बायबलच्या कथेला पुराणाचे रूप दिले. पुराणाच्या परंपरागत पाच लक्षणांत पहिले लक्षण ‘सर्ग’, म्हणजे सृष्टीची उत्पत्ती. ज्या साष्टीच्या श्रोत्यांसाठी त्यांनी लिहिले, त्यांच्या कानांना ही चाल ओळखीची होती. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले, ओवी स्वीकारली. संदेश तोच ठेवून पेहराव या मातीचा दिला. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या प्राचीन लेखकानेही हेच केले होते. वर पाणी, खाली पाणी, मध्ये अंतराळाचा घुमट, हे विश्वाचे चित्र त्याने आपल्या काळाकडून घेतले. त्यातून सांगितले ते मात्र नवे होते : शेजारी ज्या सूर्यचंद्रांना देव मानीत, त्या केवळ देवाने टांगलेल्या दोन ज्योती आहेत. सूर्य चौथ्या दिवशी येतो तो यासाठी. मुर्रीच्या मुलाला आम्ही हे सांगावयास हवे होते.

आता उणीव. उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत निर्मितीच्या दोन निराळ्या कथा आहेत. पहिलीत वनस्पती व प्राणी आधी, स्त्री-पुरुष शेवटी. दुसरीत पुरुष आधी, मग झाडे, मग प्राणी, आणि शेवटी स्त्री. हा क्रम जुळत नाही, आणि ज्यांनी या दोन कथा शेजारी ठेवल्या त्यांना तो जुळविण्याची घाईही नव्हती. फादर स्टीफन्स मात्र सारे एकाच ओघात सांगतात. सांधा बुजतो आणि श्रोत्याला ती एकसंध, घडलेली हकीगत वाटू लागते. दोष त्यांच्या एकट्याचा नव्हे. त्यांचा काळच तसा वाचीत होता. ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले त्याच १६१६ साली रोममध्ये कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्ती होईपर्यंत स्थगित ठेवण्यात आला. पवित्र शास्त्राकडून खगोलशास्त्र वदवून घेण्याची ती चूक होती. गॅलिलिओच्या बाबतीत झालेली चूक मान्य करण्यास १९९२ साल उजाडावे लागले.

हा मोह आपल्याच घरात आहे असे नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरविला. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोठे सांगितलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा निषेध केला. पुढे २०२३ साली केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. तो बारावीच्या जीवशास्त्रात राहिला. पण जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाला तो भेटणार कोठे?

ख्रिस्तसभेची शिकवण आज स्पष्ट आहे. शास्त्रवचनाचा अर्थ लावताना त्याचा साहित्यप्रकार पाहावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास पोप पायस बारावे यांनी १९५० साली मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देवाची निर्मिती, हे बजावले. उत्क्रांतिवाद हा निव्वळ तर्काहून अधिक आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली लिहिले. त्या मुलाच्या धड्यातील आनुवंशिकतेचा पाया घालणारे ग्रेगर मेंडेल तर मठवासी धर्मगुरूच होते. आपल्या विदर्भातही १८४५ साली नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप शुभवर्तमान सांगत आणि खडकांतून जीवाश्म वेचीत. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण त्यांचा धडा आपल्यासाठीही आहे.

सर्व अडचणी मिटल्या असे आम्ही म्हणणार नाही. आदिपापाची शिकवण आणि मानवाच्या अनेक पूर्वजांची शास्त्रीय मांडणी यांचा मेळ कसा घालावा, यावर ईशज्ञानी अजून विचार करीत आहेत. जीवसृष्टीच्या वाटचालीत इतके प्राणी तडफडून नष्ट का झाले, या प्रश्नापुढे आम्हीही क्रुसाकडे पाहून गप्प होतो. पण आपले अज्ञान जपण्यासाठी मुलाला गप्प बसविणे आणि प्रश्नापुढे नम्रपणे गप्प होणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

पुढच्या खेपेस आम्ही मुर्रीला गेलो तेव्हा उत्पत्तीचे दोन्ही अध्याय त्या मुलाकडूनच मोठ्याने वाचून घेतले. क्रमातील फरक त्यानेच दाखविला. मग आम्ही म्हणालो, “आमचे मागचे उत्तर चुकीचे होते, बाळ. परीक्षेत लिहितोस तेच देवळातही खरे मान. देवळात त्याहून एक गोष्ट अधिक सांगतात : हे सारे कोणाचे आहे, आणि आपण त्याचे कोण.” आजीने पुस्तक त्याच्या हातून घेतले व चष्मा लावून तो अध्याय स्वतः वाचावयास बसली.